सेन्सेई नौपाड्यात: परदेशी खेळ रुजवण्याच्या एका प्रयत्नाचं प्रकरण

ठाण्यात बुद्धिबळाचे वर्ग मोजायला बसू नये, दिवस जाईल. घोडबंदर रोडवरच्या मोठ्या संकुलांच्या क्लबहाउसात वर्ग, नौपाड्यात गल्लीआड वर्ग, शिवाय ऑनलाइन शिकवणारे निराळेच. डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश जगज्जेता झाला आणि जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक जिंकला. तेव्हापासून पालकांना दुसरा एखादा बैठा खेळ दाखवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत उपासाचं ताट मांडण्यासारखं झालंय. अशा गावात गेल्या हिवाळ्यात एक जपानी व्यावसायिक खेळाडू ‘गो’ हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा बैठा खेळ शिकवायला आल्या आणि नोव्हेंबरअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत राहिल्या.

हे टिपण त्या मुक्कामाचं. मी बुद्धिबळाचा पंच आहे, गोचा जाणकार नाही. ज्यानं त्यांना बोलावलं तो पाचपाखाडीतला माझा इंजिनिअर मित्र. तोच म्हणाला, ‘तू बाहेरचा आहेस, तू लिहून काढ.’ यातल्या कुणाचंही नाव देत नाही, तशी सगळ्यांची अट आहे. मुलं त्यांना पहिल्या दिवसापासून ‘सेन्सेई’, म्हणजे जपानीत शिक्षक, म्हणत होती, मीही तेच म्हणतो. मित्राला संयोजक म्हणतो.

त्या का आल्या

सेन्सेई पन्नाशीच्या आहेत. टोकियोच्या निहोन किइन या १९२४ साली स्थापन झालेल्या गोच्या संस्थेची एक मोठी शाखा नागोयात आहे, तिथे त्यांची घडण झाली. किशोरवयात पात्रता-सामन्यांतून त्या व्यावसायिक झाल्या. मोठ्या किताबाच्या लढतीत नाव कधी आलं नाही. पोट मुख्यतः शिकवण्यावर. यात कमीपणाचं काही नाही, तिथल्या बहुसंख्य व्यावसायिकांचं असंच असतं.

जपानातले मोठे किताब वर्तमानपत्रांच्या पैशावर चालत आलेत. किसेई योमिउरीचा, मेइजिन असाहीचा, होनइन्बो माइनिचीचा. वर्तमानपत्रांचे दिवस फिरले तसे खेळाचेही फिरले. २०२४ मध्ये होनइन्बोची अंतिम लढत सात डावांवरून पाच डावांवर आली आणि विजेत्याची रक्कम २ कोटी ८० लाख येनवरून ८५ लाखांवर. तिथल्या फावल्या वेळाच्या पाहणीत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गो खेळणारे एक कोटीच्या वर होते, आता ते वीस लाखांच्याही खाली आहेत. सेन्सेईंनी हे आडपडदा न ठेवता सांगितलं. ‘मी समाजसेवेला आलेली नाही. वीस वर्षांनी कुणीतरी खेळत असायला हवं, नाहीतर मी शिकवणार कुणाला?’ परदेशात खेळ पोचवायला निघालेल्या माणसाभोवती आपण उगाच साधुत्वाचं वलय धरतो. सेन्सेईंनी ते स्वतःच काढून टाकलं, आणि त्यामुळे पुढची बोलणी सोपी झाली.

त्यासाठी त्यांनी सोसलंही. व्यावसायिक खेळाडूला सामना खेळला तर मानधन, नाही खेळला तर नाही. तीन महिने रजा म्हणजे तेवढी कमाई बुडाली. विमानाचं तिकीट दोघांनी निम्मं निम्मं भरलं, राहायला संयोजकाच्या घरची एक खोली.

संयोजकाचा आणि गोचा संबंध नोकरीतला. नागोयात पोस्टिंग असताना संध्याकाळी करायला काही नव्हतं. तिथे तासाचे पैसे भरून गो खेळत बसायच्या जागा असतात. त्यातल्या एकीत तो जाऊ लागला आणि तिथे शिकवायला सेन्सेई यायच्या.

खेळ, थोडक्यात

१९ उभ्या आणि १९ आडव्या रेघा, त्यांचे ३६१ छेद. सोंगट्या घरात नाही, छेदावर ठेवायच्या. काळ्यानं सुरुवात करायची. एकदा ठेवलेली सोंगटी हलत नाही. तिच्या शेजारचे मोकळे छेद म्हणजे तिचे श्वास, ते सगळे शत्रूनं बंद केले की ती उचलली जाते. शेवटी ज्यानं जास्त जागा राखली तो जिंकला. नवशिक्यांसाठी ९×९ चा छोटा पट असतो. नियम एवढेच, दहा मिनिटांत सांगून होतात. नौपाड्याच्या ज्येष्ठ मंडळींपैकी एक काका पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘अहो, ही तर आमच्या वाघ-बकरीतली कोंडी!’ सेन्सेईंनी लगेच कागद पुढे केला आणि वाघ-बकरीचा पट काढून घेतला. काकांना पुढचा अर्धा तास कुणी आवरू शकलं नाही.

पहिला टप्पा: गर्दी

संयोजकाचा बेत मोठा होता. घोडबंदर रोडवरच्या एका संकुलाचं क्लबहाउस, प्रोजेक्टर, आणि अल्फागोची गोष्ट. गोष्ट जोरदार आहेच. ऑक्टोबर २०१५ मध्ये गूगल डीपमाइंडच्या या प्रोग्रॅमनं युरोपचा विजेता, मूळचा चिनी व्यावसायिक फान हुई, याला ५–० नं हरवलं. मार्च २०१६ मध्ये सोलमध्ये कोरियाचा नामांकित व्यावसायिक ली सेडोल याला ४–१ नं. तो जो एक डाव लीनं जिंकला, त्यातली ७८ वी चाल अजून लोक डोळे विस्फारून दाखवतात. हॉल भरला. सेन्सेईंनी टेबलं गोल मांडून एकाच वेळी बऱ्याच मुलांशी डाव टाकले, पालकांनी व्हिडिओ काढले.

मग प्रश्न सुरू झाले. याला रेटिंग असतं का? दहावीला ग्रेस मार्क मिळतात का? गणित सुधारतं का? पहिल्याला संयोजकानं उत्तर दिलं की क्यू आणि दान अशा श्रेण्या असतात: क्यू शिकणाऱ्यांच्या, त्यात आकडा जितका लहान तितकी श्रेणी वरची; दान त्यापुढच्या, त्यात आकडा जितका मोठा तितकी वरची. दुसऱ्याला उत्तर नव्हतं. दहावी-बारावीचे वाढीव गुण मान्यताप्राप्त खेळांच्या ठरलेल्या स्पर्धांतून मिळतात आणि गोचं इथे तसं काही नाही. एशियाडमध्ये हा खेळ २०१० साली ग्वांगजौला होता आणि २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊच्या स्पर्धेतही होता, हे त्यानं सांगितलं. पालकांनी माना डोलावल्या, पण मार्कांचा प्रश्न तिथेच राहिला. तिसरा प्रश्न सेन्सेईंकडे गेला. त्या जपानीत म्हणाल्या, ‘मला स्वतःला गणित अजिबात येत नाही.’ संयोजकानं भाषांतर केलं, ‘त्यावर जगभर अभ्यास चालू आहे.’ दुभाष्यावर सगळा कार्यक्रम सोपवला की असं होतं.

दुसऱ्या रविवारी निम्मी मुलं होती. चौथ्या रविवारी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी. डिसेंबर म्हणजे स्नेहसंमेलनं, पाठोपाठ परीक्षा, हे कारण खरं होतं, पण पुरेसं नव्हतं, कारण बुद्धिबळाच्या वर्गाची पोरं त्याच क्लबहाउसात त्याच वेळी बसलेली होती. पुढे क्लबहाउसाच्या समितीनं भाड्याचं विचारलं आणि घोडबंदरचा अध्याय संपला. उरला तो नौपाड्याचा छोटा हॉल, जिथे ज्येष्ठ नागरिकांचा गट दुपारी जमायचा आणि पाचनंतर जागा रिकामी असायची.

मतभेद

संयोजकाचं म्हणणं होतं की आणखी एक मोठा कार्यक्रम करू. एखाद्या मॉलमध्ये, वर्तमानपत्रात बातमी येईल असा. सेन्सेई तयार नव्हत्या. या वादात दोघांनीही जुनी उदाहरणं काढली आणि मला हा भाग सगळ्यात बोधप्रद वाटला, कारण गो बाहेर नेण्याचे प्रयत्न नवे नाहीत.

संयोजकाचा आदर्श इवामोतो काओरू. जन्म १९०२. ऐन उमेदीत, १९२९ साली, खेळ सोडून ब्राझीलला कॉफीची शेती करायला गेले आणि दोन वर्षांत परतले. ६ ऑगस्ट १९४५ ला ते हिरोशिमा शहराच्या बाहेर हाशिमोतो उतारोंविरुद्ध होनइन्बो किताबाचा डाव खेळत होते. स्फोटाच्या धक्क्यानं खोलीची दशा झाली, सोंगट्या विखुरल्या. आवरून, पट पुन्हा मांडून त्यांनी त्याच दिवशी डाव पुरा केला आणि तो इवामोतो हरले. किताब मात्र पुढच्या वर्षी त्यांनाच मिळाला. नंतरचं आयुष्य त्यांनी खेळ जगात पोचवण्यात घालवलं. टोकियोतली स्वतःची मालमत्ता विकून आलेला प्रचंड पैसा निहोन किइनला दिला, त्यातून साओ पाउलो, अ‍ॅमस्टरडॅमजवळ, न्यूयॉर्क आणि सिअ‍ॅटल इथे केंद्रं उभी राहिली. संयोजकाच्या डोळ्यांसमोर असंच काहीतरी होतं: ठाण्यात एक कायमची जागा, बाहेर पाटी.

सेन्सेईंचं उत्तर कोरडं होतं. न्यूयॉर्कचं केंद्र बंद पडलं. सिअ‍ॅटलला जे टिकलं ते तिथल्या खेळाडूंनी चालवलं म्हणून. इमारत देता येते, रविवारी दार उघडणारा माणूस देता येत नाही. तशीच अल्फागोची लाट, आणि त्याआधी १९९८ पासून काही वर्षं जपानी कॉमिकमधून आलेली गोची लाट. लाटेत पट विकले जातात. त्यातले बहुतेक आज कपाटावर असतील, असं त्या म्हणाल्या.

त्यांना जवळचे वाटायचे यासुदा यासुतोशी. नवव्या दानाचे व्यावसायिक. मुलांमधल्या छळाच्या बातम्यांनी अस्वस्थ होऊन ते बालवाड्यांत, शाळांत, वृद्धाश्रमांत आणि पुढे परदेशातही फिरले, ते खेळाचं एक अगदी छोटं रूप घेऊन: जो पहिली सोंगटी पकडेल तो जिंकला. पाच मिनिटांत डाव संपतो, हरणाऱ्याला फार लागत नाही, लगेच दुसरा मांडता येतो. सेन्सेईंनी नौपाड्यात सुरुवात यानंच केली. पण त्यातली खोडही त्यांना ठाऊक होती. मूल फक्त पकडायला शिकलं तर जागा राखायला शिकत नाही. बुद्धिबळातून आलेली मुलं तर मुळात मारायला टपलेली. त्यांना हे रूप इतकं आवडलं की पुढचा खेळ नकोच म्हणू लागली.

हान्स पीचचं नाव मी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकलं. जर्मनीचा मुलगा, जपानात जाऊन व्यावसायिक झाला. जानेवारी २००३ मध्ये ग्वाटेमालात खेळाच्या प्रसारासाठी गेला असताना लुटारूंच्या हातून मारला गेला. सेन्सेई त्याला ओळखत होत्या. त्याबद्दल त्या जास्त बोलल्या नाहीत आणि आम्ही विचारलं नाही.

इथे एक माझं. आपल्याकडून कॅरम बाहेर गेला. आंतरराष्ट्रीय कॅरम फेडरेशन १९८८ साली चेन्नईत झालं, विश्वविजेते आपल्याकडे बरेच आहेत, महाराष्ट्रातलेही. पण युरोप-अमेरिकेतल्या कॅरम क्लबांचा मोठा आधार तिकडे गेलेली आपलीच माणसं. स्थानिक गोऱ्या माणसाला शून्यापासून शिकवून त्याच्याकडे क्लब सोपवणं हे निराळं काम आहे आणि ते आपण फारसं केलेलं नाही. त्यामुळे सेन्सेईंची अडचण ऐकताना सल्ले देण्याचा आपला हक्क मर्यादितच होता.

रात्री नऊचे फोटो

वाद तसाच लटकलेला असताना खरी अडचण कुठे आहे ते व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं.

मुलांना घरी खेळायला पट हवेत म्हणून संयोजकानं ९×९ चे पट फ्लेक्सवर छापून घेतले आणि सोंगट्या म्हणून जांभळी नाक्याच्या बाजारातून शर्टाची काळी-पांढरी बटणं घाऊक आणली. सेन्सेईंनी सोबत काचेच्या सोंगट्यांचे फक्त दोन संच आणले होते. बटणाची एक कड उंच असते, फ्लेक्स गुंडाळीतून पुरता सपाट होत नाही, त्यामुळे पटाच्या चार कोपऱ्यांवर फूटपट्टी, कंपासपेटी, मोबाइल असं काहीबाही ठेवावं लागायचं. सोंगटी तर्जनीच्या नखावर आणि मधल्या बोटाच्या टोकाखाली धरून टक्कन ठेवायची, ही जपानी व्यावसायिकाची ओळख. बटण तसं धरलं की निसटून सोफ्याखाली जातं. सेन्सेईंनी दोन रविवार प्रयत्न केला, मग चिमटीत धरा म्हणाल्या.

तर मुलं घरी खेळत होती. आणि रात्री नऊ-साडेनऊला संयोजकाच्या फोनवर पटाचा फोटो यायचा: ‘काका, कोण जिंकलं?’ रोज एक-दोन. फोटोत बटणं सगळीकडे पसरलेली, काळ्याच्या मुलखात पांढरी, पांढऱ्याच्या मुलखात काळी. संयोजक स्वतः मध्यम खेळाडू, त्यालाही कधी सांगता यायचं नाही. मग फोटो सेन्सेईंकडे. त्या क्षणात सांगायच्या: पांढरा, सहा गुणांनी. मुलाला उत्तर मिळायचं, पण का ते कळायचं नाही.

बुद्धिबळात मात झाली की डाव संपला, हे पहिलीतलं पोरही सांगतं. गोमध्ये दोघांनीही ‘पास’ म्हटलं की डाव संपतो आणि मग मोजणी होते. जपानी पद्धतीत मोजणीआधी दोघांनी संमतीनं ठरवायचं की कुठल्या सोंगट्या ‘मेलेल्या’ आहेत, म्हणजे पटावर असल्या तरी वाचू शकत नाहीत. त्या उचलायच्या, पकडलेल्या सोंगट्यांत मिळवायच्या, सगळ्या नेऊन प्रतिस्पर्ध्याच्या जागेत भरायच्या आणि उरलेली रिकामी जागा मोजायची. जाणकारांत हे देखणं आणि झटपट असतं. नवशिक्याला मेलेली कुठली हेच दिसत नाही. शंका आली म्हणून त्यानं आपल्याच मुलखात आणखी एक सोंगटी टाकून खात्री करून घ्यावी, तर त्या सोंगटीनं आपलीच एक जागा भरली, गुण गेला. म्हणजे न समजणाऱ्यानं समजून घ्यायला जावं तर दंड. शिवाय पकडलेलं प्रत्येक बटण एक गुण, आणि पकडलेली बटणं हरवायची. एका घरी मांजरानं डावाचा निकाल फिरवला, असं त्या घरच्या आईनं शपथेवर सांगितलं.

चिनी पद्धतीत हा पेच नाही. आपल्या पटावर उभ्या असलेल्या सोंगट्या अधिक आपण वेढलेली रिकामी जागा, इतकंच मोजायचं. पकडलेल्या सोंगट्या डब्यात परत, त्यांची किंमत शून्य. आपल्या मुलखात जादा सोंगटी टाकली तर रिकामी जागा एकानं कमी झाली आणि सोंगटी एकानं वाढली, नुकसान काही नाही. म्हणून शंका असेल तर खेळत राहा, मेलेली सोंगटी प्रत्यक्ष उचलून दाखवा, भांडण मिटलं. दोन्ही पद्धतींत निकाल जवळजवळ नेहमी सारखा येतो, फार तर एखाद्या गुणाचा फरक.

संयोजकानं हे सुचवलं तेव्हा सेन्सेईंचा चेहरा उतरला. आयुष्यभर जी मोजणी केली, जिच्या हिशेबानं अर्ध्या गुणानं हरलेले डाव त्यांना आजही चालीनिशी आठवतात, ती बाजूला ठेवायची? दोन दिवस तो विषय निघाला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर एकच आकडा लिहिला: ४१.

९×९ च्या पटावर ८१ छेद. सगळं भरून-वेढून झालं की ज्याच्याकडे ४१ तो जिंकला. काळ्याला पहिल्या चालीचा फायदा असतो, म्हणून पुढच्या डावाला रंग बदलायचे. बस्स. त्या रविवारी हॉलमध्ये ‘एक्केचाळीस झाले का?’ एवढाच आवाज होता. आठवड्याभरात रात्रीचे फोटो थांबले.

मला विचाराल तर या प्रकरणाचा सांधा इथे बदलला, मॉलच्या वादात नव्हे. तोवर प्रत्येक डाव पुरा व्हायला एक व्यावसायिक खेळाडू लागत होती. मुलं आपापसात सुरू करू शकत होती, संपवू शकत नव्हती. जो खेळ शिक्षिकेशिवाय संपत नाही तो तिचं विमान सुटलं की संपणार. सेन्सेईंनी सोडली ती त्यांच्या घराण्याची चाल होती आणि ती सोडणं त्यांना सोपं गेलं नाही. परदेशात खेळ नेणाऱ्याची पारख त्याच्या श्रेणीवर करू नये, आपल्याबरोबरचं काय घरी ठेवून यायला तो तयार आहे त्यावर करावी, असं माझं मत इथे पक्कं झालं.

आजी आणि रेटिंगवाला

या हॉलमध्ये दोन माणसं अशी होती की त्यांच्याविना पुढचं काही घडलं नसतं.

एक अकरा वर्षांचा मुलगा. बुद्धिबळात त्याला फिडे रेटिंग आहे आणि ते तो नावासारखं सांगतो. गोमध्ये दोन खेळाडूंत फरक असेल तर दुबळ्यानं आधीच पटावर काही काळ्या सोंगट्या मांडून बसायचं, ही रीत जुनी आणि सन्मानाची आहे. श्रेणीच्या एका पायरीमागे साधारण एक सोंगटी, मोठ्या पटावर नऊपर्यंत. मुलाला हे भीक मागण्यासारखं वाटलं. ‘मी बरोबरीनंच खेळणार.’ सेन्सेई बरोबरीनं खेळल्या. त्याची एकही सोंगटी पटावर वाचली नाही. पुन्हा खेळल्या, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं फक्त एक कोपरा जिवंत ठेवला आणि घरी गेला.

दुसऱ्या आजी. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, सत्तरीच्या अलीकडे. त्या आल्या होत्या ज्येष्ठांच्या गटात भजनाला, थांबल्या बटणं बघून. मांडायच्या सोंगट्या सांगाल तेवढ्या मांडायच्या, हरल्या की ‘अगं बाई’ म्हणून पुन्हा मांडायच्या. बाईंची सवय जात नाही. त्यांनी वही घातली: तारीख, काळा कोण, पांढरा कोण, किती सोंगट्या दिल्या, किती भरले. लागोपाठ तीन डाव जिंकणाऱ्याची एक सोंगटी कमी करायची, हा नियम त्यांचाच. रेटिंगवाल्याला या वहीप्रमाणे आजींना दोन सोंगट्या द्याव्या लागल्या आणि आजींनी ४५ भरून त्याला हरवलं. त्यानं मोजणी दोनदा करायला लावली. त्यानंतर त्यानं सेन्सेईंसमोर निमूटपणे पाच सोंगट्या मांडल्या. आजींशी मात्र त्याचा हिशेब अजून मिटलेला नाही.

जानेवारीच्या मध्यावर सेन्सेईंनी दुसरा निर्णय घेतला. शिकवणं जवळजवळ थांबवलं. कोपऱ्यातल्या टेबलावर काचेच्या सोंगट्यांचा संच मांडून बसायच्या. त्यांच्याशी डाव हवा असेल तर आजींच्या वहीत त्या आठवड्यात इतरांशी खेळलेले पाच डाव हवेत. पालकांना हे विचित्र वाटलं. इतक्या लांबून आलेल्या बाई नुसत्या बसून आहेत! एका वडिलांनी संयोजकाला तसं स्पष्ट विचारलंही. पण मुलांनी आणि काका-आजींनी पाच डावांसाठी एकमेकांच्या घरी जायला सुरुवात केली. चरईतला एक जिना गुरुवारचा अड्डा झाला, कारण तिथे पंखा होता आणि कुणी ओरडत नव्हतं.

कोपऱ्यातल्या टेबलावर सेन्सेई कसं खेळायच्या तेही सांगायला हवं. ताकदीनं नव्हे. समोरच्यानं एखादी बरी कल्पना काढली की ती यशस्वी होऊ द्यायच्या, चुकीच्या जागी मात्र लगेच पकडायच्या, आणि डाव एक-दोन गुणांच्या आत आणून सोडायच्या. शेजारी उभं राहून बघताना मला हे ओळखायला बरेच डाव लागले. खेळणाऱ्याला तर कळतच नव्हतं. बुद्धिबळाच्या आपल्या शिक्षकांत हे फार थोड्यांना जमतं, आणि ज्यांना जमतं त्यांचे वर्ग ओसंडून वाहताना दिसत नाहीत.

त्या गेल्यानंतर

फेब्रुवारीत सेन्सेई परतल्या. हॉलमध्ये नेमानं येणारे पंधरा-सोळा आहेत, त्यातले सहा-सात साठीच्या पुढचे. आकडा छोटा आहे. संयोजकाला तो छोटाच वाटतो, मला नाही. फ्लेक्सच्या जागी आता प्लायवुडचे पट आले, रेघा मार्करनं मारलेल्या. बटणं तीच. चार-पाच जण १३×१३ वर गेलेत, रेटिंगवाला ऑनलाइन सर्व्हरवर अनोळखी लोकांशी खेळून येतो आणि तिथे शिकलेल्या वाईट सवयी हॉलमध्ये आजमावतो. आजींची श्रेणी संयोजकाच्या अंदाजानं विसाव्या क्यूच्या आसपास, म्हणजे अजून नवशिक्यांतच. दार त्याच उघडतात.

पुढच्या हिवाळ्याचं पत्र मार्चमध्ये आलं. सेन्सेई यायला तयार आहेत, पण नवशिक्यांसाठी नाही. नवशिक्यांना आजी आणि मुलांनी शिकवावं, मोठ्या पटावर निदान चार-पाच जण रुळले असतील तर त्यांच्यासाठी त्या महिनाभर देतील. संयोजक नाराज झाला, कारण त्यानं दोन शाळांना जपानी व्यावसायिक खेळाडूच्या प्रात्यक्षिकाचा शब्द देऊन ठेवला होता. एका शाळेत मग आजी आणि रेटिंगवाला गेले, बटणांचा डबा घेऊन. दुसऱ्या शाळेनं सेन्सेई येईपर्यंत थांबतो म्हणून कळवलं.

सध्याचा वाद पैशाचा आहे. संयोजकाच्या मते सगळं फुकटच राहावं, नाहीतर हाही एक क्लास होईल. आजींच्या मते फुकट आलेला पट पोरं पावसात विसरून येतात. तूर्त ठरलंय ते असं: पहिला महिना काही नाही, दुसऱ्यापासून महिना शंभर रुपये, त्यातून हॉलचं वीजबिल आणि प्लायवुड. वहीत पाच डाव भरलेल्यांना त्या महिन्याची फी माफ. संयोजकानं याला संमती दिलेली नाही, पण आजींनी पावतीपुस्तक आणलंय.